कापलेली बासरी

३ जानेवारी १९८२

सुताच्या व्यापाऱ्यानं काल मिलमध्ये नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. माझ्याच खात्यातल्या बंडूजीनं त्याची माझ्याकडे सरकवली. म्हणाला, "रूपराव, मले सही येते तेवढी पुरे. तू घे बाप्पा, तू सातवी पास." दोन झाल्या म्हणून एक जावयासाठी ठेवली आणि एक मी घेतली. गुरुजींनी छड्या मारमारून शुद्ध लिहायला शिकवलं, ते कधीतरी कामी येऊ दे.

खरं सांगायचं तर पोटात एक भेव बसलं आहे, आणि ते घरात सांगायची सोय नाही. भेव असं, की आनंदाचा आवाज बसत चालला आहे.

आनंदा माझी बायको. नाचणगावची पोरगी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गळ्यावरून माझ्या आईचे आणि तिचे रोज खटके. सुनेनं सिनेमाची गाणी म्हणायची नाहीत असं आईचं म्हणणं, आणि ही जात्यावर बसली की ओव्या सोडून सिनेमाच म्हणायची. आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या तोंडाशी मी सायकलवरून उतरलो की समजायचं, आज कोणतं गाणं चाललं आहे. आता ती चुलीपाशी असते, मी बैठकीत असतो, मध्ये धड भिंतही नाही, आणि तिचं बोलणं मला समजत नाही. नुसती पुटपुट. समोर येऊन बोलली की बरं बोलते. पाठ फिरवली की गेला आवाज. आणि गाणं तर तिनं सोडूनच दिलं. किती वर्षांत ऐकलं नाही, आठवतही नाही.

माझा थोरला भाऊ अण्णाजी असाच गेला. आधी आवाज जाड झाला, मग पुटपुट, मग नुसत्या खुणा, आणि एका उन्हाळ्यात आम्ही त्याला पोचवून आलो. त्याला तंबाखू होती. आनंदा तंबाखू खात नाही, पण दात तंबाखूच्या मंजनानं घासते. आज तिचा मंजनाचा डबा मी उकिरड्यावर फेकला. ती माझ्यासमोर उभी राहून बरीच भांडली. भांडताना आवाज चांगला होता. अण्णाजीचंही असंच होतं, रागात आला की वाटायचं काहीच झालेलं नाही याला.

१० जानेवारी

आज सुट्टी. सकाळी रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. चहा घेऊन बसलो, आणि नशीब पाहा, पाणवठ्याचं गाणं लागलं! लग्नाच्या वर्षी तंबूतल्या सिनेमात आम्ही दोघांनी पाहिलेलं. त्या गाण्याच्या आधी बासरी एकटीच वाजते, बराच वेळ. सगळा तंबू चिडीचूप व्हायचा. मग ढोलक, मग ती बाई.

आज ढोलकानंच सुरुवात! बासरी कापली. अरे, कोणाच्या बापाची आहे ती बासरी, कापायला? जाहिराती घुसवायला वेळ पुरत नसेल, तर लोकांची गाणी कापतात. आणि ती बाईसुद्धा कशी गायली! शब्द सगळे एकात एक, तोंडात पान ठेवून म्हटल्यासारखे. मी आनंदाला म्हटलं, "पाह्य वं, बासरी कापली." ती पिठाचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कापली असन."

आमच्या वेळेस काय होतं ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. पुलगावात रेडिओ म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावर पुंडलिकरावाच्या हॉटेलात. अर्धा कप चहा घ्यायचा आणि तीन गाणी ऐकायची. पुंडलिकराव चिडायचा, पण गाणं लागलं की तोही कढई सोडून उभा. बायांना हॉटेलात कुठं थांबता येतं? आनंदा नळावरून हंडा घेऊन जाताना मुद्दाम हळू चालायची. तेवढ्यात तिला मुखडा मिळायचा. पुढचा अंतरा मी पाठ करून घरी न्यायचो. मग रात्री आईला झोप लागली की मी शब्द सांगायचो, ती चाल लावायची. कधीकधी चाल तिच्या मनचीच असायची, आणि मग तंबूत खरं गाणं ऐकलं की आम्हाला वाटायचं, त्यांनीच चुकवलं.

दिवसभर तेच डोक्यात. आजची गाणी तर विचारूच नका. नुसतं धबाधबा. बासरी नाही, घुंगरू नाही, बाई काय म्हणते ते बाईला ठाऊक.

१७ जानेवारी

घरी हळदीकुंकू होतं. आम्ही पुरुष बाहेर ओसरीत, बाया आत. मध्येच सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. टाळ्या मी ऐकल्या. जाताना शेजारच्या सीताबाई माझ्यासमोर थांबून म्हणाल्या, "भाऊजी, आनंदाबाईनं काय गाणं म्हटलं जी आज! अंगावर काटा आला पाह्य."

मी हसून मान हलवली, पण माझ्या अंगावर खरंच काटा आला. दहा हातांवर मी बसलेलो. गाणं झालं असतं तर मला ऐकू आलं नसतं काय? म्हणजे सीताबाईला ठाऊक आहे. सगळ्या बायांना ठाऊक आहे. आनंदानं त्यांना सांगितलं आहे, आणि त्या आता माझं मन राखायला खोटं बोलताहेत. अण्णाजीच्या वेळेस मीही वहिनीला असंच सांगत होतो. "आज आवाज बरा वाटून राह्यला वहिनी." वहिनी मान हलवायची.

२३ जानेवारी

बंडूजीला सांगितलं. मनात ठेवून ठेवून डोकं फुटायची वेळ आली होती.

साचेखात्यात, म्हणजे कापड विणायचे साचे चालतात तिथं, आवाजाला आवाज लागत नाही. शेकडो साचे एकदम खडखडतात. तिथं तोंडानं बोलून उपयोग नाही, ओठ वाचावे लागतात. नवा माणूस पहिलं वर्ष वेड्यासारखा "काय? काय?" करतो. मग शिकतो. मला आता सव्वीस वर्षं झाली. पलीकडच्या रांगेतून बंडूजीनं नुसते ओठ हलवले की आज डब्यात वांगी आहेत का भेंडी, ते मला समजतं. आमच्यावरचा मुकादम, जॉबर, समोर उभा असतो आणि आम्ही त्याच्या देखत त्याच्या सासऱ्याची टिंगल करतो. त्यामुळे आज साच्यावर उभ्या उभ्याच मी बंडूजीला ओठांनी सांगितलं, "आनंदाचा आवाज बसून राह्यला. मले भेव वाटते."

बंडूजीनं साच्यातला धोटा बदलला, इकडे वळला आणि ओठांनी म्हणाला, "अबे, माह्या घरीही तसंच! बुढी नुसती पुटपुटते. काय म्हणते काही समजत नाई."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"चार-पाच साल झाले असन. पलीकडच्या रामाजीले विचार, त्याच्या बायकोचंही तसंच हाये."

त्याला वाटलं, ऐकून माझं भेव कमी होईल. माझं दुप्पट झालं. तीन घरच्या बायकांचे आवाज एकदम बसतात, म्हणजे काहीतरी आहे. पाण्यात असेल. नाहीतर कपाशीवर हल्ली ते जहाल औषध फवारतात, ते हवेतून येत असेल. औषधावरून आठवलं. गेल्या पावसाळ्यात रातकिडे ओरडले नाहीत. त्याच्या आधीच्याही ओरडले नसावेत. चिमण्या अंगणात दिसतात, पण मुक्या. हे मी कोणाशी बोललो नाही. लोक म्हणतील रूपराव येडा झाला. पण जे किड्याला लागतं, पाखराला लागतं, ते बाईच्या गळ्याला लागणार नाही असं कोण सांगतं?

३१ जानेवारी

ढोपर फुटलं आहे. बाजारातून येत होतो, मागून दूधवाल्यानं सायकल अंगावर घातली. दूध सांडलं, मी पडलो, आणि वर तोच शिव्या द्यायला लागला. "घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला माया! रस्ता बापाचा हाये काय?" मी म्हटलं, घंटी वाजवली असती तर ऐकू आली नसती? खोटारडा. त्यावर बघ्यांपैकी एक जण म्हणाला, वाजवली होती. आजकाल लोक दूधवाल्याचीच बाजू घेतात, उद्या आपल्या दुधात पाणी कमी पडावं, हा हिशेब असतो त्यात.

आनंदानं हळद लावली. लावता लावता मध्येच थांबली. मी विचारलं, "काऊन थांबली?" तर मान खाली घालून काहीतरी म्हणाली. ते मला समजलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

७ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहितानाही कसंतरी होतं.

रेडिओ बंद केला तरी त्यातून आवाज येतो. बारीक. तारेवर वारा लागावा तसा, सूं सूं, तुटत नाही. आज दुपारी घर शांत होतं, आनंदा नळावर गेली होती, तेव्हा पहिल्यांदा नीट ध्यानात आलं. बटण पाहिलं, बंद. सेल काढले. तरी सूं सूं. कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवला, तरी येतो. शेवटी ट्रंक परसात नेऊन ठेवली आणि घरात येऊन दार लावलं. तरी येतो.

भुताखेतावर माझा विश्वास नाही. पण सेल काढलेला रेडिओ परसातून घरात वाजतो, याला काय म्हणावं? आनंदा हंडा घेऊन आली. मी विचारलं, "ऐकू येते काय तुले काही?" तिनं हंडा उतरवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय ऐकू यायले पाह्यजे?" मी म्हटलं, काही नाही.

ट्रंक आत आणली.

११ फेब्रुवारी

वासुदेव मेकॅनिककडे रेडिओ नेला. त्यानं खोलला, फुंकर मारली, सेल घातले, एक गाणं लावलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय झालं जी याले? टणाटण वाजून राह्यला."

मी म्हटलं, "बाईचा आवाज कुठं आहे त्यात? नुसतं ढोलक ऐकू येते."

दुकानात आणखी दोघं होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वासुदेवनं आवाज वाढवला, आणखी वाढवला, रस्त्यावरचे लोक वळून पाहायला लागले, आणि तेव्हा कुठं त्या बाईचा जरासा आवाज आला. मी म्हटलं, "असा आवाज करून ऐकायचं काय घरी? बारीक केल्यावरही आला पाह्यजे ना!" वासुदेव म्हणाला, "रूपराव, रेडिओ चांगला हाये. घेऊन जा, मजुरी नोको." फुकट काम म्हणजे त्याला काही करता आलं नाही. पण तो मला नजर देईना. जाताना दारात वळून पाहिलं तर तो त्या दोघांना काहीतरी सांगत होता, आणि त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले. "गरीब बिचारा" असं म्हणत होता.

म्हणजे वासुदेवलाही आनंदाचं ठाऊक आहे. गावात मी एकटाच राहिलो का?

२० फेब्रुवारी

लेक आली आहे. कांता. तिला वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला दिली आहे. अचानक आली, सण नाही वार नाही. मी मिलमधून आलो तर माय-लेकी चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून, डोक्याला डोकं लावून बसलेल्या. मी चप्पल काढून आत येऊन उभा राहिलो तरी त्यांना पत्ता नाही. बोलत होत्या, खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. दोघींचाही! पोरीलाही लागलं की काय? मग कांता वळली. डोळे लाल होते.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाई बाबा. धुपट लागलं."

धूर नव्हता. मग मला राहवलं नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. मी ओरडलोच, "मले काय येडं समजता काय तुम्ही? गावाले माहीत, बायायले माहीत, त्या रेडिओवाल्याले माहीत! माह्या घरातली गोष्ट मलेच काऊन नाई सांगत?"

कांता रडायला लागली. आनंदा उठली. माझ्यासमोर आली, अगदी जवळ, आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली. "काय माहीत हाये गावाले? तुमीच सांगा."

"तुह्या गळ्याचं. अण्णाजीवानी झालं तुले."

आनंदा माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या तोंडावर आधी नवल आलं, मग हसू आल्यासारखं झालं, मग ते गेलं. तिनं एकदा कांताकडे पाहिलं. आणि म्हणाली, "हो जी. गळाच दुखते माया."

मी खाली बसलो. दीड महिना मी हेच लिहितो आहे, हेच मला ठाऊक होतं, आणि तरी तिच्या तोंडून ऐकल्यावर वाटलं, कशाला विचारलं.

ती पुढे म्हणाली, "वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. पण एकटी नाई जात मी. तुमी संग आले तर येते."

अवं, मी संग नाही येणार तर कोण येणार?

४ मार्च

दवाखान्याची तारीख कांताच्या नवऱ्यानं, ओमप्रकाशनं, लावून दिली आहे. पंधरा तारखेची. तोवर काढा, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. आनंदा सगळं मुकाट्यानं करते. कडू काढा एका दमात पिते आणि रिकामा पेला मला दाखवते. मिलमध्ये माझं लक्ष नाही. काल माझ्या साच्यावरचा कापडाचा तागा खराब निघाला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जॉबरनं बोट दाखवलं.

माझी एकच इच्छा आहे, आणि तीही बोलायची भीती वाटते. गळा कापायच्या आधी, औषधं सुरू व्हायच्या आधी, एकदा तिनं पाणवठ्याचं गाणं म्हणावं. मग जे व्हायचं ते होवो. आज हिंमत करून म्हटलं, "एकदा म्हण ना वं." तिनं माझ्या शर्टाची तुटलेली गुंडी लावायला घेतली. मग वर पाहून म्हणाली, "दवाखाना होऊ द्या पहिले. मग म्हणते, तुमी म्हणसान तेवढं."

मग! अण्णाजीही म्हणत होता, बरा झालो की मग भजनाला बसू.

१५ मार्च, बोरगाव मेघे

कांताच्या घरी बसून लिहितो आहे.

दवाखान्यात सकाळपासून बसलो होतो. नंबर लागला. डॉक्टरीण बाई, तरुण, कपाळावर गोल आरसा, आणि नाका-तोंडावर फडकं बांधलेलं. आनंदाला स्टुलावर बसवलं, जीभ धरून आरशानं गळा पाहिला. मी देवाचं नाव घेत होतो. मग बाई काहीतरी बोलली. फडक्यातून नुसतं हूं हूं. आनंदानं मात्र मान हलवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गळा साफ हाये म्हणते."

मी म्हटलं, "असं कसं?" बाई पुन्हा काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. आनंदाला सगळं कळत होतं, ती उत्तरंही देत होती, हळू, खाली मान घालून. दोघी मिळून माझ्यासमोर माझ्यापासून लपवताहेत! तिथं बाकावर दहा-वीस माणसं बसली होती, त्यांच्या देखत मी ओरडलो, "बाई, माह्यी बायको हाये ते! काय झालं ते मले सांगा! आन् ते तोंडावरचं फडकं काढून बोला, गुणगुण नोका करू!"

बाईनं फडकं हनुवटीखाली ओढलं. रागावली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही काम कुठं करता?"

"पुलगावले, मिलमध्ये. साचेखात्यात."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

तिनं फडकं वर ओढलं. डोळ्यांनी माझ्याकडेच पाहत होती. मग खाली ओढून म्हणाली, "आता मी काय विचारलं?"

मी म्हटलं, "काही नाही विचारलं तुम्ही."

बाकावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसली. बाईनं पुन्हा फडकं वर घेतलं, पुन्हा खाली केलं. "आता?" मी आनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मग बाईनं एक लोखंडी चिमट्यासारखं काढलं, आपल्या ढोपरावर आपटलं आणि माझ्या कानाशी धरलं. वाट पाहायला लागली. मीही वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "वाजवा की."

तेव्हा आनंदा रडायला लागली. तेव्हा मला समजलं की ते वाजत होतं.

बाईनं समजावून सांगितलं, फडकं खाली करून, सावकाश. साच्यावर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांचे कान असे जातात. आधी बारीक आवाज जातात. घंटी, पाखरं, बायकांचं बोलणं. ढोलक, भोंगा राहतात. तुम्हाला ओठ वाचायची सवय, म्हणून तुम्हाला पत्ताच लागला नाही. मी रेडिओतल्या सूं सूंचं सांगितलं, तर म्हणाली, ते रेडिओतलं नाही, तुमच्या कानातलं आहे. गेलं ते परत येत नाही. यंत्र लावून जरा फरक पडेल, नाहीही पडणार.

आणि मी काय केलं? मी हसलो! आनंदाच्या गळ्याला काही झालेलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. बाकावरच्या त्या म्हातारीच्या पाया पडलो, डॉक्टरणीला हात जोडले, बाहेर येऊन कांदाभजी घेतली, सगळ्यांना वाटली. सोबत आलेल्या ओमप्रकाशला वाटलं, सासरा कामातून गेला.

भेव आलं ते नंतर, चार वाजता, इथं आल्यावर. कांता आत चहा करत होती. मी ओट्यावर डोळे मिटून बसलो होतो. डोळे मिटले तेवढ्यात घर नाहीसं झालं. पोरगी नाही, भांडी नाहीत, आनंदा नाही. नुसतं सूं सूं. मी पटकन डोळे उघडले. सगळे तिथंच होते, बोलत होते.

२१ मार्च, पुलगाव

बंडूजीला सांगितलं, तू दाखवून ये. त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, "माह्ये कान चांगले हायेत, बुढीचाच आवाज पडला." जबरदस्ती कशी करणार? मागच्या महिन्यात मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

आज संध्याकाळी लाईन गेली होती. आनंदानं चिमणी लावली, चुलीपाशी ठेवली. मी तिथंच पाट घेऊन बसलो. आता बैठकीत बसवतच नाही मला. पाच-सहा दिवस एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती विचारली. "तुले कधी समजलं?"

ती पोळी लाटता लाटता थांबली, माझ्याकडे तोंड केलं. आता ती आठवणीनं तसं करते. "रेडिओवर ते बासरी कापली म्हणाले ना तुमी, तवा. मले चांगली ऐकू येत होती."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"कसं सांगू? गाण्यावर जीव तुमचा. अन् तुमीच म्हणाले माह्या गळ्याले झालं. म्हटलं बरं हाये, माह्या गळ्याच्या नावानं तरी दवाखान्यात येतीन. तुमच्या कानासाठी चला म्हटलं असतं तर तुमी आले असते काय?"

नसतो आलो. मी म्हटलं, "बरं, आता म्हण. दवाखाना झाला की म्हणते म्हणाली होती. किती वर्षं झाली, गाणं सोडलंस तू."

आनंदानं लाटणं खाली ठेवलं. "कोणी सोडलं?" ती म्हणाली. "मी तर रोज म्हणते जी. इथंच. रोज पोळ्या करतानी."

मला वाटलं, ओठ वाचताना चुकलो. "काय म्हणाली?"

"रोज म्हणते," ती पुन्हा म्हणाली, सावकाश. "तुमी तिकडं पाठ करून पेपर वाचत बसता. मी म्हणत राहते. पहिले तुमी तिकडून म्हणायले लागत माह्यासंगं. मग एक दिवस नाई म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी नाई. मले वाटलं, तुमचं मन उडालं माह्यावरून. कांताच्या लग्नाच्याही पहिलेची गोष्ट हाये."

कांताच्या लग्नाला सहा वर्षं झाली.

म्हणजे मी इथं डायरीत तिच्या आवाजाच्या नावानं रडत होतो, आणि ती माझ्या पाठीमागं रोज गात होती. आणि तिला वाटत होतं, याला आता माझं काही नको. इतकी वर्षं! शेवटी मी विचारलं, "मग मी ऐकत नाई असं वाटल्यावर बंद काऊन नाई केलं?"

ती म्हणाली, "म्हटलं, एखाद दिवशी वळून पाहसान."

बाहेर अंधार झाला होता. चिमणीचा उजेड तवा आणि पिठावर पडत होता, तिचं तोंड सावलीत होतं. मला फार भेव वाटलं. मी वात वर केली, चिमणी उचलून तिच्या तोंडाजवळ धरली आणि म्हटलं, म्हण.